जुन्या पासवर्ड-फाइली: नुसत्या डिलीट कराव्यात, घासून पुसाव्यात की निकामी कराव्यात?

पासवर्ड सांभाळणारं कीपास हे सॉफ्टवेअर सोडून मामांनी दोन वर्षांपूर्वी तसंच दुसरं, बिटवॉर्डन, घेतलं. आता त्यांचा लॅपटॉप घरातल्या धाकट्याला द्यायचं ठरलं, म्हणून आम्ही दोघं शेजारी बसून त्यातल्या जुन्या पासवर्ड-फाइली शोधायला लागलो. 'डॉक्युमेंट्स'मध्ये दोन केडीबीएक्स फाइली निघाल्या, कपाटातल्या पेनड्राइव्हवर तिसरी. 'डाउनलोड्स'च्या तळाशी एक एक्सएमएल आणि क्रोममधून काढलेली एक सीएसव्ही. मामा म्हणाले, "सगळं निवड आणि शिफ्ट-डिलीट मार." मी थांबलो, कारण या पाच फाइली एका जातीच्या नव्हत्या.

केडीबीएक्स ही कीपासची एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद तिजोरी आहे. मुख्य पासवर्डाशिवाय तिच्यातलं काही वाचता येत नाही. एक्सएमएल आणि सीएसव्ही मात्र उघड्या वह्या आहेत. कीपासमधून बिटवॉर्डनमध्ये जाताना आधी एक्सएमएल काढावी लागते, ती नव्या ठिकाणी चढवली की काम होतं आणि मूळ फाइल तशीच पडून राहते. नोटपॅडमध्ये उघडलीत तर संकेतस्थळ, नाव, पासवर्ड सगळं सरळ दिसतं. अशा फाइलीसाठी एक उपाय आणि बंद तिजोरीसाठी दुसरा, हे आधी मान्य केलं की पुढची निवड सोपी होते.

कुलूप आहे, पण किती जुनं?

केडीबीएक्सची चौथी आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये कीपास २.३५ बरोबर आली आणि तिच्यात आर्गॉन२ ही पासवर्डापासून किल्ली बनवण्याची मुद्दाम जड ठेवलेली पद्धत वापरायची सोय झाली. पासवर्डाचा अंदाज बांधत बसणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न त्यामुळे महाग पडतो. त्याआधीच्या फाइलींवर तुलनेनं हलकं कुलूप असतं. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: मुख्य पासवर्ड तुम्ही नंतर बदलला असेल, तरी जुनी प्रत जुन्याच पासवर्डानं उघडते. मामांची २०१५ ची फाइल आठ अक्षरी पासवर्डानं उघडली, आणि आतला बँकेचा पासवर्ड आजही तोच होता.

२०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. तिजोऱ्या बंद होत्या, पण चोराच्या हाती प्रत आली की त्याला घाई नसते. ज्यांची खाती जुनी, कुलुपाची सेटिंग जुनी आणि मुख्य पासवर्ड कमजोर, त्यांना धोका सगळ्यात जास्त. म्हणून "एन्क्रिप्टेड आहे, पडू दे" हे उत्तर मला पटत नाही. मुख्य पासवर्ड लांबलचक आणि कुठेही न वापरलेला असेल, तर मात्र अशी फाइल साधी डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली तरी पुरे.

साधं डिलीट विरुद्ध घासून पुसणं

साध्या डिलीटमध्ये फाइलीची नोंद जाते, मजकूर लगेच जात नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर तो दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनंही परत काढता येतो. तिथे एसडिलीट किंवा इरेझरसारखं साधन खरंच उपयोगी आहे. फाइलीच्या जागेवर एकदा दुसरी माहिती लिहिली की काम झालं. पस्तीस वेळा पुसायचा जो सल्ला अजून फिरतो, तो पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून आला. तो त्या काळातल्या निरनिराळ्या डिस्कसाठी होता आणि आधुनिक डिस्कला त्याची गरज नाही, हे खुद्द गुटमन यांनीच नंतर लिहिलं.

एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, फ्लॅश चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, हे गणित उलटतं. सगळे कप्पे सारखे झिजावेत म्हणून एसएसडी नवं लिखाण दुसऱ्याच कप्प्यात करते. तुम्हाला वाटतं फाइल पुसली, आणि जुना मजकूर जुन्याच कप्प्यात बसलेला असतो. ॲपलनं २०१५ च्या एल कॅपिटन या मॅकच्या आवृत्तीतून 'सिक्युअर एम्प्टी ट्रॅश' काढून टाकलं, कारण फ्लॅशवर त्याची हमी देता येत नव्हती. एसएसडीवर साधं डिलीट केलं तरी विंडोज ट्रिम नावाची सूचना पाठवते आणि ते कप्पे रिकामे व्हायला लागतात. म्हणजे इथे घासून पुसल्यानं फारसा फायदा नाही, उलट आपलं काम चोख झालं असा खोटा भरवसा बसतो. पेनड्राइव्हही फ्लॅशच. उघडी सीएसव्ही असलेला पेनड्राइव्ह मी तरी कुणाला देणार नाही. तो तोडून ई-कचऱ्यात टाकावा.

अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणं

यंत्र घराबाहेर किंवा दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर हा मार्ग सगळ्यात भक्कम. विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. पण एक खाच आहे. बिटलॉकर सुरू करताना 'फक्त वापरलेली जागा' की 'संपूर्ण ड्राइव्ह' असं विचारतो. घाईत पहिला पर्याय निवडलात, तर पूर्वी डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष एन्क्रिप्शनबाहेरच राहतात. जुन्या यंत्रावर दुसराच निवडायचा, वेळ लागला तरी. त्यानंतर विंडोज रीसेट करताना सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय घ्यायचा. लॅपटॉप तुमच्याकडेच राहणार असेल, तरी एन्क्रिप्शन आजच चालू करा. पुढच्या वेळी हा प्रश्नच बराच लहान झालेला असेल.

पासवर्ड बदलणं

कंटाळवाणा मार्ग, आणि माझ्या मते पहिला. वरचे सगळे उपाय तुम्हाला माहीत असलेल्या प्रतींवरच चालतात. न सापडलेल्या प्रतींचं काय? वनड्राइव्ह 'डॉक्युमेंट्स' आपोआप वर चढवत असेल तर एक प्रत तिथे असते आणि डिलीट केल्यावरही तिथल्या रिसायकल बिनमध्ये पडून राहते. गुगल ड्राइव्हचा ट्रॅश तीस दिवस फाइल धरून ठेवतो. ड्रॉपबॉक्समध्ये दोन यंत्रांची गफलत झाली की वेगळी प्रत तयार होते. कीपासएक्ससी या केडीबीएक्स उघडणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपचा पर्याय चालू असेल तर नावात 'ओल्ड' असलेली फाइल मूळ फाइलीशेजारीच असते. कधीतरी स्वतःलाच मेल केलेली असते. यातल्या प्रत्येक प्रतीपर्यंत पोचणारा एकच उपाय: आतला पासवर्ड बदलून निकामी करून टाकणं.

सगळेच्या सगळे बदलायची गरज नाही. उघड्या फाइलीत जे होते त्यातला ईमेल सगळ्यात आधी, कारण बाकीच्यांचे रीसेट तिथेच येतात. मग बँक, मग मोबाइल कंपनीचं खातं. टू-फॅक्टरच्या (पासवर्डाशिवायच्या दुसऱ्या पडताळणीच्या) गुप्त किल्ल्या किंवा बॅकअप कोड नोंदींमध्ये लिहिले असतील तर तेही नव्यानं काढा. पासवर्ड बदलला म्हणून ते आपोआप बदलत नाहीत.

डिलीट करायच्या आधी

घाईचाही तोटा होतो. बिटवॉर्डनमध्ये आयात करताना कीपासच्या नोंदींना जोडलेल्या फाइली येत नाहीत. मामांच्या जुन्या तिजोरीत विमा पॉलिसीचा स्कॅन होता, नव्यात नव्हता. नोंदींची संख्या ताडून पाहा, दहा-बारा नोंदी उघडून प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. कीपासला की-फाइल (पासवर्डाच्या जोडीला किल्ली म्हणून लागणारी वेगळी फाइल) लावली असेल तर ती सगळ्यात शेवटी काढा. ती गेली की पासवर्ड बरोबर असूनही तिजोरी उघडत नाही.

आम्ही शेवटी ईमेल, बँक आणि मोबाइलचे पासवर्ड त्याच बैठकीत बदलले. लॅपटॉपमध्ये एसएसडी होती, म्हणून एक्सएमएल आणि सीएसव्ही साध्या डिलीट केल्या, वनड्राइव्हची बिनही रिकामी केली. मग संपूर्ण ड्राइव्ह बिटलॉकरखाली घालून रीसेट केला. पेनड्राइव्हवरची तिजोरी नवा, लांब मुख्य पासवर्ड घालून वेगळ्या, कोऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली. तीन महिन्यांनंतरची तारीख मामांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे. तोवर काही कमी पडलं नाही, तर तीही जाईल.