बोर्ड गेला म्हणून 7800 घेतले, बोर्ड माझाच परत दिला

मी डोंबिवलीत घरून टॅली आणि जीएसटीचं काम करते. जुलैत 17 तारखेच्या रात्री लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि सकाळी पीसीचं बटण दाबलं तर काहीच नाही, ना फॅन, ना बीप. 20 ला सगळ्या दुकानदारांचे थ्री-बी (जीएसटीचे रिटर्न) भरायचे, उशीर झाला की एकेकाला दिवसाला 50 रुपये लेट फी आणि ती शेवटी माझ्याच बोकांडी बसणार, त्यामुळे डोकंच चालेना. गूगलवर सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. ती जाहिरात होती हे नंतर कळलं. शिवाय माझा पीसी असेंबल केलेला, त्याला कसलं आलंय कंपनीचं सर्व्हिस सेंटर, पण तेव्हा हे सुचेल तर ना!

तासाभरात एक मुलगा आला, गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम गोड. साईडचं झाकण काढलं, मल्टीमीटर इकडेतिकडे टेकवला आणि दोन मिनिटांत म्हणे "मॅडम, मदरबोर्ड शॉर्ट झालाय, असंच ठेवलं तर हार्डडिस्कपण जाईल." हार्डडिस्कचं नाव काढल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, सगळ्यांचे हिशोब त्यात. लॅबला न्यावं लागेल म्हणाला, म्हटलं ने बाबा. पावती नाही, आत काय काय आहे त्याची यादी नाही, व्हिजिटचे 350 वेगळे. संध्याकाळी फोन, नवीन बोर्ड 7800, बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वर. मी, जी दिवसभर लोकांना बिल घ्या बिल घ्या सांगते, ती म्हणाली बिल राहू दे. पैसे कुणाच्यातरी पर्सनल नंबरवर यूपीआय केले. 19 ला पीसी चालू होऊन घरी आला, रिटर्न वेळेत गेले, आणि त्या मुलाला मी चहासुद्धा पाजला.

सोळा दिवसांनी परत तेच. नंबर बंद.

रविवारी भाचा आला, तो डिप्लोमाला आहे. "मावशी, आधी मला फोन करायचास ना गं." त्याने आधी सॉकेटला मोबाईल चार्जर लावून बघितला, मग मॉनिटरची केबल काढून सीपीयूला लावली (दोन्हीला एकच केबल चालते, मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं), मागचा छोटा स्विच बघितला. मग बटणच खराब नाही ना म्हणून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या. काही नाही. मग प्लग काढून एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) 24 पिनांची वायर बोर्डापासून सोडवली, तिच्यातली हिरवी आणि शेजारची काळी पेपरक्लिपने जोडली आणि मग लाईट दिली. एसएमपीएस चांगला असेल तर त्याचा फॅन फिरतो, काही महागड्या मॉडेलांचा लोड नसताना फिरत नाही, पण हा तसला नव्हताच. हूं की चूं नाही. दहा मिनिटं लागली सगळ्याला. एसएमपीएस मात्र त्याने उघडला नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो म्हणे, तुम्हीही उघडू नका.

खरी गंमत पुढेच. तो एसएमपीएस माझा नव्हताच, कुठलातरी भंगारातला, वर 450 वॉटचं स्टिकर. माळ्यावरून बोर्डाचा जुना बॉक्स काढला, त्यावरचा सिरीयल नंबर आणि आतल्या बोर्डाचा नंबर, एकच! म्हणजे बोर्ड गेलाच नव्हता, फक्त एसएमपीएस गेलेला, तो बदलून बोर्डाचे पैसे लावले. आणि माझ्या मूळ एसएमपीएसला 5 वर्षांची वॉरंटी होती, साडेतीनच झालेली, कदाचित फुकटात बदलून मिळाला असता. आता वॉरंटीला द्यायला तो पीसच नाही. काढलेला पार्ट परत द्या म्हणायचं मला सुचलंच नाही, तेवढं तुम्ही विसरू नका, बिघडलेला असला तरी मागून घ्या.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून नवीन एसएमपीएस आणला, 3400, पक्क्या बिलासकट. पीसी सुरू झाला पण सारखा अडकायला लागला, एक्सेल उघडलं की टॅली हँग. म्हटलं जुना झालाय. भाच्याने टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघितली आणि माझ्याकडेच बघत बसला. 8 जीबी. माझ्याकडे रॅमच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या होत्या, त्यातली एक गायब. म्हणजे सोळा दिवस तो तसाच चालत होता आणि मी इंटरनेटला शिव्या घालत होते.

1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला फोन करून तक्रार टाकलीय. बिल आहे का विचारलं, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि बॉक्सवरच्या सिरीयल नंबरचा फोटो दिलाय. त्यांचा फोन नंबर अजून बंदच आहे, पण परवा गूगलवर तेच शब्द टाकून बघितले तर सगळ्यात वर जाहिरात तीच, फक्त नंबर नवीन.