इतिहासातली जादू की परीकथा नव्याने?

ऐतिहासिक अद्भुत प्रेमकथा आणि नव्याने सांगितलेली परीकथा: दोन्हींत प्रेम, दोन्हींत जादू, आणि नायिका बहुधा हट्टी. तरी माझं पारडं परीकथेकडे झुकतं.

ऐतिहासिक अद्भुत प्रेमकथेत आधी काळ उभा करावा लागतो. मी बडोद्याची, लक्ष्मी विलास राजवाडा येता-जाता दिसतो. त्यामुळे कादंबरीतली राजकन्या मध्यरात्री एकटीच बागेत हिंडू लागली की खटकतं. उडता घोडा चालेल हो, पण पहारेकरी गेले कुठे? काळ जमला तर मात्र वारसाहक्क, तह, लढाया यांमुळे विरहाला खरं वजन येतं.

परीकथेचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून लेखकाला तिथवरची वाट नवी शोधावी लागते. आणि 'मूळ कथा बिघडवली' ही तक्रार मला पटत नाही. सिंड्रेलाचा काचेचा बूट शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७च्या पुस्तकातला. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंकडे तो सोन्याचा आहे आणि सावत्र बहिणी तो घालायला बोट नि टाच कापतात. मूळ कोणतं म्हणायचं? (आमच्या सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरश्या पाहिल्या की मला हटकून तो बूट आठवतो.)

'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या बाबतीत मात्र मी जुन्याच बाजूची. बोमाँ या फ्रेंच लेखिकेच्या १७५६च्या कथेत मुलगी वडिलांऐवजी स्वतःहून बीस्टकडे, म्हणजे त्या शापित पशूकडे, जाते. बीस्ट तिला लग्नाचं विचारतो, आणि तिचा नकार ऐकून घेतो. नव्या कथेत तो नकारच गाळलेला दिसला, की मी पुस्तक मिटते.