१०८ की ५०? द्राक्षबागेत आणि बेदाणा शेडवर वापरलेले दोन स्वस्त कॅमेरे

आमच्या घरात सध्या दोन फोन आहेत, दोन्ही वीस हजारांच्या आतले. एकाच्या पाठीवर १०८ मेगापिक्सेल लिहिलंय, दुसऱ्याच्या ५० आणि शेजारी बारीक अक्षरात ओआयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय. १०८वाला आधीचा. ५०वाला गेल्या फळछाटणीच्या (घड यावेत म्हणून करायच्या छाटणीच्या) तोंडावर घेतला, आणि तिथून बेदाणा पेटीत भरेपर्यंत दोन्ही फोन बागेत, शेडवर आणि घरात फिरले. कंपन्यांची नावं लिहीत नाही. असलेच सेन्सर चार-पाच कंपन्यांच्या फोनांत बसतात, मॉडेल वर्षभरात बाजारातून जातं, आणि नाव घेतलं की बोलणं कॅमेऱ्यावरून कंपनीवर घसरतं.

मला कॅमेरा कशाला लागतो ते आधी सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर रोज सकाळी बागेत चक्कर असते. काही वेगळं दिसलं की पानाचा फोटो सल्लागार सरांना व्हॉट्सॲपवर जातो. त्यांच्याकडे बागा पुष्कळ, रोज सगळीकडे येणं त्यांना जमत नाही. फोटो बघून ते सांगतात, डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) आहे की औषधाचा डाग आहे, फवारणी आज की दोन दिवस थांबायचं. पुढं फेब्रुवारीनंतर बेदाण्याचा रंग व्यापाऱ्याला दाखवायचा. म्हणजे माझे निम्मे फोटो दुसऱ्या कुणीतरी त्यावरून निर्णय घ्यावा म्हणून काढलेले असतात. व्हिडिओ रिव्ह्यूंमध्ये जास्वंदाचं फूल, सूर्यास्त आणि कुणाचा तरी गोरा केलेला चेहरा दाखवतात. त्यावरून मला काहीच कळत नाही.

डाऊनीची सुरुवात पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळ्या, तेलकट डागानं होते. हवा दमट राहिली की त्याच डागाच्या मागं, पानाखाली पांढरी बुरशी येते. पहिल्या दिवशीचा डाग इतका पुसट असतो की पान उजेडात तिरकं धरूनही कधी दिसतो, कधी नाही. १०८वाला नेमका इथं मार खातो. त्याला झाड दिसलं की तो हिरवा रंग गडद करतो, सावल्या उजळतो, आणि फोटोतलं पान खताच्या पिशवीवरच्या चित्रासारखं निरोगी दिसायला लागतं. डाग हिरव्यात बुडून जातो. त्याच पानाचा ५०वाल्यानं काढलेला फोटो जरा निस्तेज वाटतो, घरच्यांना आवडणार नाही असा, पण डाग जिथं आहे तिथं दिसतो.

दोष सेन्सरचा नाही. सेन्सरकडून आलेल्या चित्रावर फोनचं सॉफ्टवेअर जे हात फिरवतं, त्याचा आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एआय लिहिलेलं बटण असतं, ते बंद केलं की हिरवा भडकपणा बराच उतरतो. पूर्ण जात नाही. पुतण्यानं त्यात जीकॅम टाकून दिलं, म्हणजे गुगलच्या फोनांमधलं कॅमेरा ॲप दुसऱ्या फोनांवर चालेल असं हौशी लोकांनी बदललेलं. ते अधिकृत नाही, प्रत्येक फोनवर धड चालतंच असंही नाही, पण आमच्या १०८वाल्यावर चाललं आणि रंग माणसात आले. एक त्रास उरला, फोटो काढल्यावर ते दोन-तीन सेकंद विचार करत बसतं.

रंगापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे धार. स्वस्त फोन बारकावे दिसावेत म्हणून प्रत्येक कडेला जास्तीची धार लावतात. माणसाच्या केसांवर ती खपून जाते. द्राक्षाच्या पानावर काय होतं बघा: शिरांच्या कडेनं पांढुरकी रेघ उमटते, मोठं करून बघितलं की राखाडी भुकटी पडल्यासारखी. सरांचा उलटा फोन आला, भुरी (पानावर राखाडी भुकटी आणणारा दुसरा बुरशीचा रोग) कधीपासून आहे? बागेत भुरीचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून पानाचे फोटो १०८वाल्याच्या मूळ ॲपमधून पाठवणं मी बंद केलं. ५०वाल्यातही धार लावलेली असते, पण कमी, आणि मध्ये एक अपडेट आल्यावर आणखी सौम्य झाली. हे अपडेटचं प्रकरण दोन्हीकडं चालतं. आज घेतलेला कॅमेरा सहा महिन्यांनी तोच राहील याची खात्री नाही, बरा होईल किंवा बिघडेल.

आता आकड्याचं. सॅमसंगनं पहिला १०८ मेगापिक्सेलचा मोबाइल सेन्सर २०१९ मध्ये जाहीर केला. मार्च २०२१ मध्ये रेडमी नोट १० प्रो मॅक्स आला आणि हा आकडा वीस हजारांच्या आत उतरला. तेव्हापासून दुकानदार तो पहिल्यांदा सांगतात. पण १०८वाला रोजच्या वापरात १०८चा फोटो काढतच नाही. शेजारशेजारचे नऊ पिक्सेल एकत्र करून तो १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. ५०वाला चार पिक्सेल एकत्र करतो आणि साडेबाराचा देतो. म्हणजे गॅलरीत दोघं जवळजवळ बरोबरीत. असं एकत्र करावं लागतं कारण सुटा पिक्सेल फार बारीक असतो, उजेड कमी पडतो.

बरं, तो १२चा फोटोही सरांपर्यंत तसा पोचत नाही. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. २०२३च्या ऑगस्टपासून फोटो पाठवताना एचडीचं बटण आलंय. तेवढं दाबलं तर पानाच्या बाबतीत दोन फोनांमधल्या फरकापेक्षा मोठा फरक पडतो. त्याहून चांगलं म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडणं. तसा पाठवला की जसा आहे तसा जातो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी कॅमेऱ्यासाठी पाच हजार जास्त मोजलेत आणि हे बटण कधी दाबलेलं नाही.

१०८वाल्याची बाजू घ्यायची तर दिवसाच्या लख्ख उजेडात त्याचा पूर्ण आकड्याचा मोड खरोखर कामाचा आहे. वेलीचा लांबून एक फोटो काढायचा आणि नंतर हवा तो घड कापून घ्यायचा. मण्यांची फुगवण, घडातला मोकळेपणा सगळं दिसतं. तीनपट झूमही उन्हात चांगला येतो. वरच्या तारेवरचं पान शिडी न लावता टिपता येतं. ५०वाला दोनपटीपर्यंत ठीक, पुढं चित्र लापशी होतं. फक्त ढग आले किंवा पाच वाजून गेले की १०८चा मोड विसरायचा. एकेक फोटो जागाही भरपूर खातो.

दोन्ही फोनांच्या पाठीवर मुख्य कॅमेऱ्याशिवाय आणखी भिंगं आहेत. १०८वाल्यावर २ मेगापिक्सेलचा मॅक्रो. कीड बघायला म्हणून मी त्यावर आशा ठेवून होतो. त्याचा फोकस पक्का बसवलेला असतो, चार सेंटिमीटरच्या आसपास, जरा मागंपुढं झालं की धूसर, आणि इतक्या जवळ गेल्यावर फोनचीच सावली पानावर पडते. फुलकिडा मिलिमीटरभर लांबीचा असतो, तो त्यात ठिपकासुद्धा नीट दिसत नाही. मुख्य कॅमेऱ्यानं वीतभर अंतरावरून दोनपट झूम करून काढलेला फोटो दोन्ही फोनांत यापेक्षा चांगला येतो. आणि खरोखर कीडच दाखवायची असेल तर दहापटीचं घडीचं भिंग मुख्य कॅमेऱ्याला चिकटवून धरायचं, कोंब पांढऱ्या कागदावर झटकायचा आणि कागदाचा फोटो काढायचा. फुलकिडे चालताना दिसतात. दोनशे-तीनशे रुपयांच्या भिंगानं पाठीवरच्या मॅक्रोला पेन्शनीत काढलं.

ओआयएसबद्दल लोकांचा फार गोंधळ आहे म्हणून जरा थांबतो. यात फोनमधला जायरोस्कोप हाताची थरथर मोजतो आणि भिंग तेवढंच उलट बाजूला हलवतो. त्यामुळं कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. पहाटे दव असताना किंवा मांडवाखालच्या अंधारात ५०वाल्याचे फोटो एका झटक्यात स्थिर येतात, १०८वाल्यावर दोन-तीनदा काढून त्यातला बरा निवडावा लागतो. पण हलणारं पान ओआयएसला थांबवता येत नाही. वारा असला की दोन्ही फोन सारखेच. एका हातानं देठ धरा, किंवा पान तोडून सावलीत बांधावर ठेवा. पानामागं हाताचा तळवा धरला तर आणखी बरं, कॅमेऱ्याला उजेडाचा अंदाज नीट येतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं बेदाणा शेडनं. आमच्याकडं रॅकवर माल टाकल्यावर सुकायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, आणि ऊन थेट लागू नये म्हणून शेडला बाजूंनी हिरवी नेट असते. आतला सगळा उजेड हिरवट. आपल्या डोळ्याला ते थोड्या वेळानं जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र पांढरं काय हे ठरवावं लागतं आणि तिथं तो अडखळतो. १०८वाला हिरवटपणा काढायच्या नादात माल तांबूस करतो. ५०वाला तो तसाच ठेवतो, त्यामुळं पिवळ्याकडं झुकलेला मालही हिरवागार दिसतो. विकणाऱ्याला हे बरं वाटेल, पण शेठनं फोटोवर भाव बोलून नंतर सौद्यात माल वेगळा निघाला की पुढच्या वर्षी तो आपल्या फोटोकडं बघतच नाही. हिरव्या मालाचा आणि पिवळ्या मालाचा भाव वेगळा, त्यात खोटं चालत नाही.

म्हणजे शेडमध्ये दोघंही नापास. उपाय फोनबाहेरचाच निघाला. माल पसाभर पांढऱ्या कागदावर घ्यायचा, शेडच्या बाहेर सावलीत यायचं, आकाशाच्या उजेडात फोटो काढायचा, कागदाची कड फोटोत ठेवायची. बघणाऱ्यालाही कागद पांढरा दिसतोय की नाही त्यावरून अंदाज येतो. बाहेर येणं शक्य नसेल तर प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स हातानं सरकवायचा, कागद पांढरा दिसेपर्यंत. हा मोड दोन्ही फोनांत आहे. ५०वाल्यात शेवटची किंमत लक्षात राहते, १०८वाला ॲप बंद केलं की विसरतो. लहान गोष्ट आहे, पण द्राक्षं सुकवण्याआधी ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलनं हात माखलेले असताना लहान राहत नाही.

ई-पीक पाहणीला, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी ॲपवर नोंद करायला, दोन फोनांत काडीचा फरक नाही. तिथं शेतात उभं राहून ॲपमधूनच फोटो काढायचा असतो, आणि असल्या ॲपांना फोनच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमधली सगळी करामत मिळत नाही.

घरात मात्र मत उलटं आहे. बायकोला आणि आईला १०८वाला आवडतो. गौरीच्या आराशीचे, हळदीकुंकवाचे फोटो त्यात उठून दिसतात, साड्यांचे रंग झळकतात, चेहरा गुळगुळीत येतो. आईच्या मते ५०वाला माणसाला आहे त्यापेक्षा थकलेलं दाखवतो. मला वाटतं तो आहे तसंच दाखवतो, पण हे बोलण्यात अर्थ नाही. रात्री मंडळाच्या मिरवणुकीत ५०वाला पुढं. एलईडीच्या माळांखाली १०८वाल्याच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, शटर त्याच्याशी जुळलं नाही की पट्टे दिसतात. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर आणल्यावर बरेच गेले. व्हिडिओचं आणखी एक, १०८वाल्यात फोरके, म्हणजे जास्त बारकाव्याचा व्हिडिओ, नाहीच; तो त्याच्या खालच्या १०८०वर थांबतो. एवढ्या मोठ्या सेन्सरला असं का, तर आतली चिप तेवढं पेलत नाही. उदाहरणार्थ स्नॅपड्रॅगन ६९५ या चिपवरच्या कुठल्याच फोनमध्ये फोरके रेकॉर्डिंग मिळत नाही, सेन्सर कितीही मेगापिक्सेलचा असो. डब्यावर ही ओळ शोधावी लागते.

टिकाऊपणाचं सांगायचं तर बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे) तुषार दोन्ही फोनांवर बसलेत. सदऱ्यानं काच पुसली की तेलकट थर पसरतो आणि रात्री प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं, मग लोक म्हणतात कॅमेरा गेला. ओल्या सुती फडक्यानं पुसून कोरडं केलं की कॅमेरा परत येतो. एप्रिलच्या उन्हात ५०वाला तापून कॅमेरा बंद करतो आणि थोडं थांबा म्हणतो. १०८वाला पडद्याचा उजेड कमी करतो, पण चालू राहतो. तेव्हाच्या खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) दिवसांत हे लक्षात ठेवावं लागतं.

आता बागेत माझ्या खिशात ५०वाला असतो, १०८वाला बायकोकडं. शेतीकामासाठी घेणार असाल तर दुकानात जाताना एक हिरवं पान आणि एक कोरा पांढरा कागद घेऊन जा. काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली पान कागदावर ठेवा, एआय चालू आणि बंद असे दोन फोटो काढा, मोठे करून शिरांच्या कडा बघा, आणि कागद पांढरा आलाय का ते बघा. मग तेच पान हातात धरून दुकानाबाहेर उन्हात. तिथला फोटो स्वतःच्या नंबरवर व्हॉट्सॲप करून आपल्या जुन्या फोनवर उघडा. दुकानदार वैतागतो, पण चहा सांगितला की थांबतो.