मुरलेल्या पांढऱ्या बर्गंडीसोबत सहा महिने

गेल्या ऑक्टोबरात ल्यों शहरातील माझ्या एका फ्रेंच मित्राने आणि मी मिळून बर्गंडी या फ्रान्समधील प्रदेशातल्या पांढऱ्या वाइनच्या 2010 सालच्या सहा बाटल्या घेतल्या. त्यांपैकी चार मर्सो गावच्या ‘पेरिएर’ या प्रीमिए क्रू (दुसऱ्या क्रमांकाच्या दर्जाच्या) द्राक्षमळ्यातील होत्या आणि दोन शाब्लीच्या ‘ले क्लो’ या ग्राँ क्रू (सर्वोच्च दर्जाच्या) मळ्यातील. महिन्याला एक बाटली, जेवायला दोघेच आणि घाई अजिबात नाही, असे आम्ही ठरवले होते. मार्चअखेर शेवटची बाटली संपली.

पहिल्या बाटलीच्या वेळी चूक झाली. मर्सो थेट फ्रीजमधून काढून ओतल्यामुळे जिभेला लिंबाचा आंबटपणा आणि ओकच्या लाकडाची चव यांपलीकडे काही लागले नाही, आणि एवढ्या पैशांत हे काय घेतले, असे मला प्रामाणिकपणे वाटले. पण बोलण्याच्या ओघात तासभर टेबलावर राहून गेलेला अर्धा पेला मी पुन्हा नाकाशी नेला, तेव्हा त्यातून लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी उरणाऱ्या बेरीचा वास आला, आणि त्यामागून भाजलेल्या हेझलनटचा व किंचित मधाचा. पुढच्या प्रत्येक वेळी आम्ही बूच तासभर आधी काढले, वाइन बारा-तेरा अंशांवर ठेवली आणि पेले मोठे घेतले.

दोन्ही वाइन शार्दोने या एकाच द्राक्षाच्या असूनही वयाबरोबर त्या वेगळ्या वाटांनी जातात. पेरिएर हे नावच दगडाच्या जुन्या खाणींवरून आले आहे. तिथे चुनखडीवर मातीचा थर पातळ आहे, आणि त्यामुळे असेल, पण तिथल्या वाइनच्या स्निग्धपणाखाली शेवटपर्यंत एक ताठ कणा जाणवत राहतो. ब्रेसची कोंबडी, साय आणि मोरेल अळंबी यांचा माझ्या मित्राने केलेला रस्सा जड होता, तरी या वाइनने प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ केले. त्याहून चांगली जोडी मला अजून मिळालेली नाही. ले क्लोच्या जमिनीत मात्र चिमुकल्या कालवांचे जीवाश्म सापडतात. तिच्यातील मध, ओल्या पाल्याचा वास आणि खारट शेवट लोण्यात परतलेल्या स्कॅलप या शिंपल्यांसोबत शोभला. चोवीस महिने मुरलेल्या काँते चीजपुढे ती थोडी फिकी पडली.

आता दोषाविषयी. जानेवारीतील मर्सो पेल्यात गडद पिवळी उतरली आणि तिला चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा व खवट अक्रोडाचा वास होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनच्या पांढऱ्या बर्गंडीत आढळणारे हे अकाली ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे वाइन वेळेआधीच म्हातारी होणे, होय. बुचांचा दर्जा, वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाचे कमी केलेले प्रमाण आणि द्राक्षे दाबण्याच्या पद्धतीतील बदल अशी त्याची अनेक कारणे मांडली जातात, पण सर्वांना मान्य होईल असे एकच कारण पुढे आलेले नाही. एकाच खोक्यातील, एकाच तळघरात शेजारी झोपलेल्या चार बाटल्यांपैकी तीन उत्तम आणि एक मेलेली निघते, ही गोष्ट मला अजूनही सलते, कारण घेणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी ती टळत नाही. उत्पादकाचे नाव मी लिहीत नाही, कारण हा दोष कोणा एका घराचा नाही; अनेकांनी त्यावर उपाय म्हणून डियामची, म्हणजे शुद्ध केलेल्या बुचाच्या कणांपासून दाबून बनवलेली, बुचे वापरायला सुरुवात केली आहे, हे समाधानाचे आहे.

म्हणूनच एकुलती एक जुनी बाटली घेऊन मोठा बेत आखू नये, असे मी म्हणेन. घ्यायची तर किमान तीन घ्याव्यात आणि जेवायला बसताना एक साधी बाटली हाताशी ठेवावी. त्याचबरोबर चार-सहा जणांच्या मेजवानीत ही वाइन वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत दीड-दोन तासांत तिच्यात जो बदल होतो, तो पाहायला प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी बाटली तरी यावी लागते. फेब्रुवारीच्या मर्सोवर माझा मित्र पहिली वीस मिनिटे नाराज होता, आणि रात्री अकराला त्याने शेवटचा घोट न बोलता माझ्या पेल्यात ओतला.

2014 सालच्या सहा बाटल्या आम्ही आता तळघरात आडव्या ठेवल्या आहेत. त्यांतील पहिली ऑक्टोबरात उघडू.