फ्लाय रॉड की टेनकारा? एक आठवडा तीर्थनचा, बाकीचे रविवार ठाण्याचे

ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या मंडळींना माशी टाकून गरवायचा नाद नुकता लागलाय (माशी म्हणजे गरीवर पीस-लोकर बांधून केलेली खोटी माशी), त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नऊ फुटी फ्लाय रॉड घेऊ, की ती बिनरीलची जपानी टेनकारा? माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी पाच नंबरचा (हा नंबर लाईनीच्या वजनाचा) फ्लाय रॉड घेतला, चार वर्षं तोच वापरला, मग टेनकारा आली. दोन्ही घेऊन हिमाचलात तीर्थन नदीवर गेलोय आणि बदलापूरच्या पुढच्या पाण्यावरही. दोन्हींवर मासे मिळालेत, दोन्हींवरून सुटलेतही.

विकत घेण्याआधी वर्षाचं गणित मांडा, कारण आपली गल्लत तिथेच होते. डोक्यात चित्र असतं ट्राउटचं, म्हणजे थंड पाण्यातल्या माशाचं. पण पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउट कासावीस होतो, त्यामुळे आपल्या सह्याद्रीत तो नाही. ठाण्याहून निघायचं तर काश्मीर, हिमाचल, नाहीतर दक्षिणेला निलगिरी आणि मुन्नारचा डोंगरमाथा. हिमाचलात ब्राऊन ट्राउट १९०९ साली कुलू खोऱ्यात सोडले गेले, त्यांचीच पुढची पिढी आज तिथल्या नद्यांत आहे. तिथे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटला बंदी असते. जुलै-ऑगस्टला नदी गढूळ. उरतात मार्च ते मे-जूनचे दिवस आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यात नोकरी, मुलांच्या परीक्षा, तिकिटं. माझ्या वाट्याला वर्षातून एक आठवडा येतो, फार झालं तर दहा दिवस.

बाकीचे रविवार चिलापीचे. परदेशातली पुस्तकं ज्यांना पॅनफिश म्हणतात, तव्यावर मावणारे छोटे मासे, त्यांची जागा आपल्याकडे चिलापीनेच घेतली आहे. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता जिथे थांबलेलं पाणी तिथे तो आहेच. माशीला तो छान येतो. म्हणजे रॉड घेताना मनात तीर्थन असते, पण तो वापरला जातो चिलापीवर. माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याला हा हिशोब धरून वाचा. तुमचा हिशोब वेगळा असेल तर निवडही वेगळी असू शकेल.

फ्लाय रॉडबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण तो त्या मानाचा आहे. लाईन मागे पूर्ण उलगडते, मनगटाला हलकी ओढ जाणवते, मग पुढची फेक, आणि पन्नास फुटांवर माशी टेकते. हा आनंद टेनकारा देत नाही. लांब फेकता येतं, वाऱ्यात निभावता येतं, मोठा मासा लागला तर लाईन सोडून त्याला पळू देता येतं. रुंद नदी असेल, धरणाचं मोकळं पाणी असेल, तर मी आजही तोच उचलतो.

पण मला छळलं ते त्या लाईनीने.

पाच नंबरच्या लाईनीचे पहिले तीस फूट १४० ग्रेन, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम भरतात. फेकीचा सगळा जोर त्या नऊ ग्रॅमवर. आत विणलेला दोरा आणि वर प्लास्टिकचं कवच अशी ती बनते. ट्राउटच्या लाईनीचं कवच मुद्दाम मऊ ठेवतात, बर्फाच्या पाण्यात ती ताठरू नये म्हणून. मी घेतली होती ती अर्थातच ट्राउटची. तीर्थनवर तिने कधी तक्रारीला जागा दिली नाही. मग एका मे महिन्यात तीच घेऊन मी बदलापूरच्या पुढे एका बंधाऱ्यावर गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. पहिली दहा मिनिटं ठीक गेली, मग लाईन रॉडवरच्या कड्यांतून सुटेना. दोन कड्यांच्या मधे ती शिजलेल्या शेवयांसारखी लोंबायला लागली. बोटांना चिकटायला लागली. फेक वीस फुटांवरच मरायची. पायाशी सोडलेली लाईन सुक्या गवतात पडली होती, तिला कुसळं आणि माती चिकटली, आणि ती तशीच कड्यांतून ओढली की खरखर आवाज यायचा. समोर गुडघाभर पाण्यात चिलापीचे नर आपापल्या खळग्यांवर फिरताना दिसत होते आणि मी काठावर बसून रुमालाने लाईन पुसत होतो.

घरी आणून कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, वंगण लावलं. पुढच्या रविवारी अर्धा-पाऊण तास बरी चालली, मग पुन्हा तेच. लाईनीत दोष नव्हता. ती या हवेसाठी केलेलीच नव्हती.

म्हणून उष्ण प्रदेशासाठी बनवतात ती कडक कवचाची लाईन मागवली. ठाण्यात ती उत्तम चालली. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर भर दुपारी फेकून पाहिली, सरळ जायची. तीच घेऊन मार्चमध्ये तीर्थनकाठच्या गुशैणीला गेलो. बर्फाच्या पाण्यात ती जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी घालून बसली. हाताने ताणून सरळ करावी, तर पाच मिनिटांत पुन्हा वेटोळं. ट्राउट माशी तोंडात घेऊन नको म्हणून टाकायला क्षणभर लावतो, आणि माझी ओढ त्या वेटोळ्यांतून त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तो गेलेला असायचा. दोन दिवसांत असे सात-आठ तरी गेले. आता माझ्याकडे लाईन गुंडाळलेले दोन स्पूल आहेत, एक थंड पाण्याचा, एक आपल्याकडचा, आणि दोन्हींची निगा वेगळी. अनुभवी मंडळी म्हणतील, त्यात काय एवढं, स्पूल बदलायचा. खरं आहे. पण आठवड्यातून चार तास हाती लागतात, त्यातला तास लाईनीवर जात असेल तर मला ते फार लागतं.

टेनकारामध्ये हा प्रश्नच नाही. साधी, एकसंध फ्लुरोकार्बनची लाईन, जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास, लांबी काठीएवढी. टोकाला बांधायची, झालं. मे असो की मार्च, ती तशीच. पायाशी काही सोडायचं नाही, म्हणजे कुसळांचा प्रश्न मिटला. पनवेलकडच्या गावी माझे मामा लहानपणी बांबूच्या काठीला गरी बांधून ओढ्यात गरवायचे. त्यांच्यासमोर मी ही काठी बाहेर काढली, एकातून एक भाग ओढत साडेतीन मीटरच्या पुढे नेली. त्यांनी हातात घेऊन दोनदा हलवली आणि म्हणाले, "अरे, ही तर आपलीच काठी. फक्त आत जाते." पहिल्याच फेकीत त्यांनी माशी बरोबर गवताच्या कडेला टाकली. मला फ्लाय रॉडवर तेवढं यायला दोन महिने लागले होते.

तीर्थनवर ती कमी पडेल अशी मला भीती होती. पण वरच्या अंगाला ती नदी रुंद नाही. पाणी मोठ्या धोंड्यांवरून फुटत येतं आणि प्रत्येक धोंड्यामागे परातीएवढी निवांत जागा असते, ट्राउट तिथे असतो. तुमच्या आणि त्या परातीच्या मधे जोराची धार. फ्लाय रॉडची जड लाईन त्या धारेवर पडली की माशी ओढून नेते. टेनकाराची लाईन पाण्याला टेकतच नाही. काठी उंच धरली की फक्त माशी आणि हातभर टिपेट (माशीला बांधलेला शेवटचा बारीक दोरा) पाण्यात, आणि माशी त्या परातीत जागच्या जागी फिरत राहते. मला तरी त्या आठवड्यात फ्लाय रॉडपेक्षा तिच्यावर जास्त ट्राउट मिळाले. त्यात नशिबाचा भाग किती ते सांगता येत नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. बहुतेक मासे वीतभर ते दीड वीत, म्हणजे तिला झेपणारेच.

आता तिची खोट. उल्हास नदीच्या काठावर, जलपर्णीच्या तुकड्याला लागून माशी टाकली होती. लाईन किंचित सरळ झाली म्हणून काठी उचलली, तर पलीकडे नुसतं वजन. काळसर पाठ एकदाच दिसली, मरळ असावी. ती जलपर्णीखाली शिरायला निघाली आणि माझ्याकडे सोडायला एक इंचही लाईन नव्हती. टिपेट ५ एक्सचं, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीचं, ते तुटलं. काठी मोडण्याआधी टिपेट तुटावं म्हणून ते बारीकच लावायचं असतं, पण त्या मरळीच्या तोंडात माझी माशी राहिली याची रुखरुख आजही आहे. फ्लाय रॉड असता तर ती कदाचित हाती आली असती. तेव्हापासून मी पक्कडीने गरीच्या टोकाचा उलटा काटा दाबून टाकतो, सुटलेल्या माशाला ती लवकर झटकता यावी म्हणून. मोठ्या माशांचीच ओढ असेल तर टेनकारा तुम्हाला दुखावेल. वाऱ्याचंही तेच. दुपारनंतर समोरून वारा सुटला की ती हलकी लाईन उलट तोंडावर येते. अशा वेळी मी ती मिटवून ठेवतो.

खाडीचा विचार दोन्हींसाठी सोडा. खाऱ्या पाण्याला आणि तिथल्या वाऱ्याला आठ नंबरचा वेगळा सरंजाम लागतो. शिवाय ऐरोलीच्या बाजूचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेला. तो पक्ष्यांचा आहे.

प्रवासाचा मुद्दा छोटा वाटतो, पण ठाण्याहून कर्जत लोकल पकडणाऱ्याला तो छोटा नाही. चार तुकड्यांचा फ्लाय रॉड नळीत घातला की पाऊण मीटरचा होतो, सॅकच्या बाहेर डोकावतो आणि गर्दीत कोणाच्या तरी बरगडीला लागतो. टेनकारा मिटून हातभर होते, सॅकमध्ये पूर्ण जाते. चंदीगडहून मनालीच्या बसने औटला उतरून पुढे बंजारची गाडी धरतानाही तेच सुख. खर्चाचं म्हणाल तर रॉड, रील आणि दोन लाईनींना मिळून माझे जेवढे गेले, त्याच्या तिसऱ्या हिश्शात टेनकाराचं सगळं आलं.

माश्यांसाठी वेगळं काही लागत नाही. बारा-चौदा नंबरच्या गरीवर तपकिरी लोकर आणि कोंबड्याचं एखादं मऊ पीस, पिसाचे केस पुढच्या बाजूला झुकवून बांधायचे. जपानी लोक तिला साकासा केबारी म्हणतात. पीस मी नेहमीच्या चिकनवाल्याकडून आणतो, गावठी कोंबड्याच्या मानेचं. तीच माशी ट्राउटही घेतो, चिलापीही.

आपल्याकडचा हंगाम मी असा धरतो: दिवाळीनंतर पाणी निवळलं की सुरुवात. थंडीत भल्या पहाटे जाऊ नका, चिलापी ऊन चढल्याशिवाय हलत नाही. मार्चपासून ते काठाजवळ ताटाएवढे गोल खळगे करतात, नर त्यावर पहारा देतो, मादी अंडी तोंडात सांभाळते. खळग्याच्या कडेला माशी टेकवली की नर ती भुकेने नाही, बाहेर फेकायला उचलतो, असं मला वाटतं. दंश इतका हलका असतो की लाईनीकडे बघतच राहावं लागतं. धरताना पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून बसवा, नाहीतर तळहातात जातात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा मी काठी बाहेर काढत नाही, पोटात अंडी घेऊन वर निघालेले असतात ते. आणि तलाव-बंधाऱ्यावर जाण्याआधी विचारा. बऱ्याच ठिकाणी मासेमारी ठेक्याने दिलेली असते. हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना लागतोच.

मग काय घ्यावं? दरवर्षी काश्मीरच्या मोठ्या नद्यांवर जाणार असाल, किंवा फेकीची कलाच तुम्हाला खुणावत असेल, तर फ्लाय रॉड घ्या आणि पहिल्याच दिवशी दोन लाईनींचे पैसे धरा. माझ्यासारखा एक आठवडा तीर्थनचा आणि बाकीचे रविवार इथले असतील, तर मी आधी टेनकारा घ्या म्हणेन. रॉड नंतरही घेता येतो. मी उलट क्रमाने गेलो आणि त्यात माझे तीन-चार उन्हाळे गेले.

३.६ मीटरची काठी बघा, लाईन तेवढीच, पुढे मीटरभर ५ एक्स टिपेट. मासा जवळ आला की काठी मागे झुकवून लाईन हाताने धरावी लागते, ते पहिल्या दिवशी अवघड जाईल. काठीच्या टोकाला लाल विणलेला दोरा असतो, त्याच्या शेवटी छोटी गाठ मारा आणि लाईनीचा फास तिच्यामागे आवळा. काठी उघडताना आधी टोकाचा बारीक भाग बाहेर काढा, मिटवताना उलट, जाड भागापासून. माझं टोक एकदा मोडलं ते या घाईत, चिखलोलीच्या बाजूला, मासे वर खेळत असताना.