बंद पडलेली जुनी स्पोर्ट्स कार घरी आणायला टिल्ट ट्रेलर कितपत कामाचा?

टिल्ट ट्रेलर म्हणजे ज्याचा अख्खा पाट मागे झुकतो तो. चालू नसलेल्या, जमिनीलगतच्या गाडीसाठी आमची पहिली पसंती यालाच. साध्या ट्रेलरच्या सुट्या रॅम्पची चढण उभी असते आणि एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा सायलेन्सर तिथे हमखास घासतो. टिल्टमध्ये ती चढण बरीच सौम्य होते. तरी पाटाच्या मागच्या कडेखाली दोन जाड फळ्या जवळ ठेवाव्यात.

दोर बांधून टोचन करण्याचा विचारही नको. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही, आणि सर्वो (ब्रेक दाबायला मदत करणारी यंत्रणा) असेल तर इंजिन बंद असताना त्याची मदतही मिळत नाही. पुढची चाकं उचलणारी डॉली स्वस्त पडते, पण मागची चाकं रस्त्यावर फिरतात आणि गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्टही सोबत फिरतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, म्हणजे तेल उडवणारा लेशाफ्ट (गिअरबॉक्समधला दुसरा, जोड शाफ्ट) मात्र थांबलेला. लांबच्या पल्ल्यात बेअरिंग कोरडी पडून जळतात. डॉलीच वापरायची असेल तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा दांडा, आधी सोडवा.

ट्रेलर निवडताना मडगार्ड काढता येतो का, हे आधी बघा. बुटक्या गाडीचं दार मडगार्डवर आपटतं आणि स्टिअरिंग धरून बसलेला माणूस आतच अडकतो. जाहिरातीत ही गोष्ट कधी दिसत नाही.

विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून गाडी वर ओढणारं यंत्र. त्याच्या बाबतीत बरेच ट्रेलर कमी पडतात. विंचवर छापलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. गाडी वर येते तसा दोर गुंडाळला जातो आणि ओढ घटते. मोकळी फिरणारी एक टनाची गाडी 10 अंशांच्या चढावर साधारण 200 किलोच्या ओढीने वर येते. मागची दोन चाकं जाम असतील तर त्यात आणखी 300-400 किलोची भर पडते, आणि 900 किलोचा विंचही भरल्या ड्रमवर कुंथायला लागतो. कप्पी लावून दोर दुहेरी केला की ओढ दुप्पट, वेग निम्मा. त्याआधी हँडब्रेकची केबल सैल करून ब्रेकच्या ड्रमवर हलके ठोके द्यावेत. चिकटलेले लायनर बऱ्याचदा सुटतात. टायरमध्ये हवा भरा. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीची किल्ली हातात नसेल तर निघूच नका, चाकं सरळ होणार नाहीत.

या गाड्यांना टोइंगचा हूक बहुधा नसतोच. म्हणून विंचचा हूक बंपरला, अँटी-रोल बारला किंवा स्टिअरिंग रॅकला अडकवला जातो आणि तो भाग वाकतो. दोन टोकांचा पट्टा पुढच्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) दोन्ही बाजूंनी लावून मधून ओढावं.

बांधायला 50 मिमी रुंदीचे चार रॅचेट पट्टे, चारही कोपऱ्यांना, मागचे दोन एकमेकांना छेदणारे. पट्ट्यावरचा कामाचा भार वाचा, तुटण्याचा आकडा नव्हे. पहिला साधारण दुसऱ्याच्या एक तृतीयांश असतो. मागच्या सलग अॅक्सलवरून ब्रेकची नळी जाते, ती पट्ट्याखाली चेपू देऊ नका. टायरवरून जाणारे पट्टे सगळ्यात चांगले, पण तारांच्या चाकात आऱ्यांमधून पट्टा ओवायचा नाही.

हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडतात त्या जागी, एकूण वजनाच्या सुमारे 10 टक्के भार यावा; ओढणाऱ्या गाडीची मर्यादा कमी असेल तर ती पाळावी. भार मागे सरकला की ट्रेलर डोलतो. म्हणूनच मागे इंजिन असलेली पोर्शे 911 उलटी चढवावी लागू शकते. जॅग्वार ई-टाइप किंवा स्पिटफायर मात्र कधीच उलटी नको. त्यांचं बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं, उलट्या गाडीत वारा थेट त्याच्या उघडणाऱ्या कडेखाली शिरतो.

10-15 किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा. सस्पेन्शन बसल्यावर ते सैल होतात. उतरवताना आधी विंचचा दोर ताणून घ्या, मग पट्टे सोडा आणि पाट सगळ्यात शेवटी झुकवा. ब्रेक नसलेल्या गाडीला त्या क्षणी दुसरं काहीच धरून नसतं.