ट्रकच्या केबिनसाठी फ्रिज : अख्खा उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

आधी सरळ सांगतो, केबिनसाठी फ्रिज घ्यायचा असेल तर कॉम्प्रेसरवाला घ्या, तेवढं बजेट नसेल तर बर्फाची पेटीच बरी, पण मधला तो चार-पाच हजारवाला 'कूलर कम वॉर्मर' मिळतो ना, त्याच्या नादी लागू नका.

आपला ट्रेलर आहे, न्हावा शेव्यावरून कंटेनर उचलायचा आणि बुटीबोरीला टाकायचा, परतीला मिळेल तो माल. पूर्वी जुन्या रोडने जाताना दर दोन-चार किलोमीटरला ढाबा होता, आता समृद्धीवर एकदा चढलं की मनात आलं आणि गाडी साइडला घेतली असं होत नाही. त्यात पोर्टबाहेर नंबर लागेपर्यंत थांबायचं ते वेगळंच. म्हणून घरचं जेवण, दूध, ताक आणि गार पाणी केबिनमध्येच पाहिजे असं ठरवून फ्रिज घेतला.

आता तो स्वस्तवाला का नको ते सांगतो. त्याच्यात कॉम्प्रेसर नसतो, पेल्टियर नावाची एक चकती असते आणि पंखा असतो. ती चकती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० डिग्री खाली नेते, त्याच्या पुढे नाही. डिसेंबरात नाशिकला मस्त वाटेल, पण मे महिन्यात विदर्भात बाहेरच ४५ असतं, उन्हात उभ्या गाडीची केबिन त्याच्याही वर, म्हणजे आतलं दूध ३० डिग्रीवर. नासणारच. वर बऱ्याच मॉडेलला थर्मोस्टॅट नसतो, म्हणजे गार झालं म्हणून बंद वगैरे काही नाही, रात्रभर बॅटरी खात बसतो. आणि खूप पीस फक्त १२ व्होल्टचे असतात, आपल्या मोठ्या गाड्या २४ च्या, लावला की गेला. घेताना खोक्यावर '१२/२४' लिहिलंय का ते डोळ्यांनी बघायचं, दुकानदार "चालतंय चालतंय" म्हणाला तरी.

घरातला छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावू का, असंही दोघा-तिघांनी विचारलं. नका लावू. डीसीचा एसी करताना करंट वाया जातो, चालू होताना झटका मोठा घेतो आणि तो फ्रिज हादऱ्यांसाठी बनलेलाच नसतो. केबिनवाले फ्रिज गाडी कलंडती असली तरी चालतात, बहुतेकांना ३० डिग्रीपर्यंत तिरकं चालतं.

माझा ३० लिटरचा आहे. दोन माणसांना पुरतो. ५० लिटरचा घ्यायचा मोह होतो, पण केबिनमध्ये ठेवणार कुठे? मधल्या बोनेटवर जागा दिसते म्हणून सगळे तिथेच ठेवतात आणि मग "गार होत नाही" म्हणून बोंबलतात. अरे, खाली इंजिन तापलंय! मी क्लीनर साइडला सीटच्या मागे पट्ट्याने बांधलाय, जाळीच्या बाजूला वीतभर जागा सोडून. जाळीवर चादर, टॉवेल, कपड्याची पिशवी काहीही आलं की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

आता मेन मुद्दा, वायरिंग. फ्रिज चांगला की वाईट हे निम्मं त्याच्यावर आहे. लाइटर सॉकेटमध्ये प्लग लावला तर स्पीड ब्रेकर आला की सैल होतो, सॉकेटमागची वायर बारीक, व्होल्टेज वाटेतच पडतो, आणि बॅटरी चांगली असूनही फ्रिज 'व्होल्टेज कमी' म्हणत बंद होतो. मी बॅटरीवरून सरळ जाड वायर आणली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला, तेव्हापासून कटकट नाही. पण एक लक्षात ठेवा, आपल्या गाडीत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ होतात, काही इलेक्ट्रिशियन त्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्ट काढून देतात. ते करू देऊ नका, ती एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन उकळते, सहा महिन्यांत जोडी बाद.

बॅटरी किती खातो? माझ्या फ्रिजवर ४५ वॅट लिहिलंय, म्हणजे २४ वर दोन अँपियरच्या आतच. एकदा गार झाला की चालू-बंद होत राहतो, रात्रीच्या दहा तासांत निम्मा वेळ चालला असं धरलं तरी नऊ-साडेनऊ अँपियर-अवर. १०० च्या बॅटऱ्यांना काही जड नाही. पण बॅटऱ्या म्हाताऱ्या असतील तर फ्रिजच्या सेटिंगमधला बॅटरी कटऑफ 'हाय' वर ठेवा, म्हणजे व्होल्टेज थोडा उतरला की फ्रिज स्वतः बंद होतो आणि सकाळी सेल्फ घेतो. 'लो' वर ठेवला तर दूध गार राहील आणि गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. चालू गाडीत फ्रिज 'मॅक्स' मोडवर, झोपताना कमी करंट खाणाऱ्या 'इको'वर, एवढंच मी करतो.

आता डिस्प्लेचं. समोर ४ दिसतं म्हणून आत सगळीकडे ४ नसतं. तळाला आणि भिंतीला चिकटून जास्त गार, वरच्या टोपलीत कमी. माझ्याबरोबर दुसरे ड्रायव्हर असतात ते शुगरचे पेशंट, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, त्यांचं इन्सुलिन याच्यातच असतं. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ डिग्री लागतं आणि एकदा गोठलं की वितळलं तरी टाकून द्यायचं. म्हणून वरच्या टोपलीत, डब्यात, डब्याभोवती रुमाल, आणि शेजारी मेडिकलमधून आणलेला फ्रिजचा साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे). पाण्याच्या बाटल्या तळाला. क्लीनरने एकदा कुल्फीसाठी गुपचूप उणे १८ केलं तेव्हा दादांनी त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही! इन्सुलिन त्या दिवशी सुदैवाने बाहेर पाउचमध्ये होतं. आता सेटिंग लॉक असतं.

नावं ठेवायची तर झाकणाची कडी. खराब रस्त्याने तिसऱ्या महिन्यातच तुटली, कंपनीला फोन केले, "पार्ट येतोय" ऐकून ऐकून कंटाळलो आणि शेवटी ताडपत्रीचा रबर गुंडाळला, तो आजही आहे. मोबाइल ॲप दिलंय, पहिल्या आठवड्यानंतर कोणी उघडलं नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे आत पाणी साचतं, दोन-तीन दिवसांनी पुसावं लागतं, नाहीतर वास येतो. आवाज म्हणाल तर बारीक गुणगुण आहे, मला चालते, दादा फ्रिजकडे पाय करून झोपतात.

पैसे वसूल झाले का? बाहेरच्या बाटल्या आणि दोन वेळचं हॉटेल कमी झालं, हिशोब लिहून ठेवला नाही पण खिशाला कळतंय. दोन कप्प्यांचा, एकीकडे फ्रीजर एकीकडे फ्रिज असा पण मिळतो, तो महाग आणि मोठा. कोकणातून घरी मासे न्यायचे असतील तर त्याचा विचार करा. डाळ, भाकरी, ताक आणि औषधं एवढंच असेल तर एका कप्प्याचा ३० लिटर भरपूर झाला, उरलेल्या पैशात आधी बॅटऱ्या बदला.